खेळातलं गोदाम

कपबश्यांच्या खोक्यात भरलेल्या पेंढ्याचा वास आला की मला काल्हेरच्या नव्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. राहनाळच्या आमच्या भातशेतावर गोदाम उभं राहिलं होतं. विक्रीच्या कागदावर सही बाबांनीच केली होती, पण तेव्हापासून त्यांच्यासमोर शेताचा विषय काढायची कोणाची हिंमत नव्हती. मी फोनवर शेतीचा गेम खेळायचे, तेही त्यांच्या नकळत. त्या दुपारी मी तसल्याच एका न उघडलेल्या खोक्याला टेकून खेळत होते. गेममधलं भात पिकलं, मी कापायला घेतलं, तर स्क्रीनवर आलं, ‘साठवायला जागा नाही, गोदाम बांधा.’ मोकळी जागा उरली नव्हती, म्हणून एक शेत काढून टाकायला मी बोट टेकवणार, तोच मागून बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. खाली ट्रक रिव्हर्स घेत होता. आई लाटणं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "शेतावर न्हाय बांधायचं," बाबा म्हणाले. मी कशीबशी म्हणाले, "बाबा, खेळच आहे हा." "मंग खेळात तरी ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि मनगट सोडून गॅलरीत गेले. तो गेम अजून माझ्या फोनवर आहे. भात पिकतं, उभ्या उभ्या वाळतं, गोदाम बांधा म्हणून फोन वाजत राहतो, आणि मी तो पालथा घालून ठेवते.