मालकानं शेवटी खरं सांगायचं

आम्ही जुने बुऱ्हाणपूरवाले दोघं जरी चहाला बसलो, तरी मराठे सरांच्या इंग्रजीच्या क्लासचा विषय निघतोच. एक किस्सा सांगावा तर त्याच्या मागे दुसरा हजर. माझ्याकडे इतके साठलेत की बायको म्हणते, "सगळे सांगता, शेवटचा तेवढा गिळता." तर आज तोही सांगून टाकतो.

वर्षं ती राज्यांच्या वाटणीची, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. आमच्या ऑफिसचे कागद आजवर नागपूरला जायचे, ते एकाएकी भोपाळला जायला लागले. नागपूरचा साहेब मराठीत रागवायचा. भोपाळचा कुठल्या भाषेत रागवेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी इंग्रजी पक्कं करायला निघालो. क्लास राजपुऱ्यात, सरांच्या ओसरीवर, संध्याकाळी पाचला. विद्यार्थी तीन. मी पाठक, कारकून. दुसरे महाजन, तापीकाठचे केळीवाले, त्यांना रेल्वेच्या वॅगनचे कागद स्वतः वाचायचे होते. तिसरी सुमन, मुलींच्या शाळेतली बाई. मी तिसऱ्या दिवसापासून इंग्रजीसाठी जात नव्हतो, हे आताच सांगतो.

* * *

होऊन गेलेल्या गोष्टीचा अंदाज इंग्रजीत कसा करायचा, ही सरांची खास आवड. पुरावा पक्का असेल तर 'मस्ट हॅव', नुसती शंका असेल तर 'माइट हॅव', शक्यच नसेल तर 'कान्ट हॅव'. शिकवायची रीत अशी, की रोज एकानं घरून एक वस्तू आणून टेबलावर ठेवायची. बाकीच्यांनी तिचं काय झालं असेल याचा अंदाज करायचा. आणि मालकानं शेवटी खरं सांगायचं.

पहिल्या दिवशी सरांनी स्वतःची तुटकी चप्पल ठेवली. महाजन लगेच म्हणाले, कुत्र्यानं 'मस्ट हॅव' खाल्ली. सर म्हणाले, तुम्ही पाहिलंत का? मग एवढी खात्री कशाला? मी शिवणाऱ्यावर आळ घेतला. सुमन म्हणाली, चप्पल सरांच्या पायापेक्षा मोठी दिसते.

"शाब्बास," सर म्हणाले. "माझी नाहीच ती. परवा लग्नात कुणीतरी माझी नवी घालून गेला."

* * *

ही सवय मग रस्त्यावरही सुटेना. एकदा क्लासला येताना एका वकिलाच्या दाराला भलं मोठं कुलूप दिसलं. त्या दिवसांत कुलूप दिसलं की नागपूर, एवढंच सुचायचं. निम्मी ओळखीची माणसं तिकडे चालली होती. महाजन म्हणाले, हे 'मस्ट हॅव' गेले. ते हळू बोलायचे म्हणजे गल्ली ऐकायची. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं वकिलाचं दूध बंद केलं, आणि एक जण घर भाड्यानं मिळेल का विचारत आला.

वकील बिचारे खंडव्याला मेहुणीच्या मुलाच्या बारशाला गेलेले! परत आले तर बायकोला चहाला दूध नाही.

सुमननं मात्र त्याच दिवशी सांगितलं होतं, "कान्ट हॅव. ओट्यावरची तुळस ओली आहे. कायमची जाणारी माणसं शेजारणीला पाणी घालायला सांगून जात नाहीत."

महाजन म्हणाले, "यार पाठकभाऊ, या बाईंसमोर खोटं बोलून चालायचं नाही."

मी कशाला खोटं बोलतोय? मी तर काहीच बोलत नव्हतो.

* * *

माझं अक्षर चांगलं. त्यामुळे ऑफिसात सगळे आपापले फॉर्म माझ्याकडून लिहून घ्यायचे. इथं राहायचं की नागपूरकडे जायचं, ते विचारणारा फॉर्म आला तेव्हा तर माझ्या हाताला फुरसत नव्हती.

सुमनचे वडील आमच्याच ऑफिसातले. त्यांनी मला रविवारी बुधवारा मोहल्ल्यातल्या घरी बोलावलं. सुमननं चहा आणून दिला आणि तिथंच दाराशी उभी राहिली. वडील म्हणाले, "लिहा, नागपूर." माझा हात थांबला. तिला मागणी घालायची, असं मी दोन महिने मनाशी घोकत होतो, आणि इथं माझ्याच अक्षरात तिला गावाबाहेर घालवायचं होतं. मी टाक इतका दाबला की नेमका त्या शब्दावर शाईचा मोठा डाग पडला. मनात म्हटलं, बरं झालं, आता फॉर्म परत येईल, महिना तरी मिळेल.

फॉर्म मंजूर होऊन आला. डागाखालचं नागपूर साहेबांनी बरोबर वाचलं होतं.

* * *

आता शेवटचा.

सुमनची मंडळी शुक्रवारी निघायची होती. बुधवारी ती क्लासला आली आणि पिशवीतून एक काळी छत्री काढून टेबलावर ठेवली. मी पाहताक्षणी ओळखली. माझीच.

फॉर्म लिहिला त्या रविवारी मी ती त्यांच्या घरी मुद्दाम विसरलो होतो. न्यायच्या निमित्तानं परत जाईन, वडिलांशी बोलेन, असा बेत. तीनदा बुधवाऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तीनदा उन्हात डोकं तापवून घरी आलो.

महाजन म्हणाले, कुणी पाहुणा 'मस्ट हॅव' विसरला. सर खूश झाले. या वेळी पुरावा होता. मग सरांनी स्वतःच अंदाज केला, की त्याला हिची फारशी गरज 'कान्ट हॅव' भासली, नाहीतर एवढ्या उन्हात न्यायला आला नसता का?

सुमन माझ्याकडे वळली. "पाठक, तुमचा अंदाज राहिला."

तोंडापर्यंत आलं होतं, की त्यानं मुद्दाम ठेवली असेल. मी म्हणालो, तो 'माइट हॅव' कामात असेल.

तिनं मान हलवली. सर म्हणाले, आता मालकानं खरं सांगायचं.

"मालक मी नाही, सर," ती म्हणाली. "त्यालाच सांगू द्या."

सर चक्रावले. महाजन छत्रीकडे पाहत बसले. शेजारच्या घरातला माग खडखडत होता आणि तो थांबू नये असं मला वाटत होतं. मी वहीत तारीख लिहिली. मग खाली रेघ मारली. बरं, ती वाट पाहत होती हे मला कळत होतं. चांगलं कळत होतं.

"असू द्या," ती शेवटी म्हणाली. "आज आलाच नसेल तो."

सरांच्या पाया पडली आणि गेली. छत्री टेबलावरच राहिली.

महाजन म्हणाले, "बेवारस आहे तर मी नेऊ का? बागेत फार ऊन लागतं."

"न्या की," मी म्हणालो.

पुढचे दोन उन्हाळे महाजन माझी छत्री डोक्यावर धरून गावातून हिंडत होते. मी दिसलो की थांबायचे आणि म्हणायचे, "या पाठकभाऊ, सावलीत या." मी जायचो. नाही कसं म्हणणार?

एकदा असाच त्यांच्या शेजारून चालताना वर पाहिलं. छत्रीची एक काडी मी ठेवली तेव्हा मोडलेली होती, कापड तिथं फाटलं होतं. आता ती काडी काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेली होती आणि फाटल्या जागी बारीक, सारखे टाके होते.

मी विचारलं, "ही दुरुस्त कुठं करून घेतलीत?"

"मी कशाला करतो?" महाजन म्हणाले. "मिळाली तेव्हाच अशी होती."