अर्धी गोधडी

अतियाच्या हातची गोधडी कधी पांघरली नाही असा माणूस सावित्री नदीच्या खाडीकाठी शोधूनच काढावा लागेल. हरिहरेश्वरच्या रस्त्यावरून आत वळलं की खाडीला लागून तिचं गाव. गावात बाळंतपण असो की लग्न, जुन्या साड्या-ओढण्यांचं गाठोडं आधी तिच्या ओटीवर येऊन पडायचं. बाई कडक. टाका वाकडा गेला तर सख्ख्या सुनेलाही उसवायला लावायची, आणि सून काशिफा तोंडातल्या तोंडात पुटपुटत उसवायची. पण गोधडी अशी उतरायची की आखातात गेलेली पोरं एसीच्या खोलीत तीच पांघरायची आणि फोनवर आवर्जून सांगायची.

तिच्या घरात सासूपासूनची एक रीत होती. अर्धी शिवलेली गोधडी उंबऱ्याबाहेर जायची नाही. अतियानं ती एकदाच मोडली. नवरा करमअली कुवेतला निघाला तेव्हा गाडी दारात उभी आणि गोधडी अर्धीच झालेली. त्याला तीच हवी होती. तिनं घाईघाईनं गाठ मारली, सुई काढून घेतली आणि गोधडी बॅगेत कोंबली. परत आलात की उरलेली पुरी करीन, म्हणाली. करमअली परत आला नाही. तिकडेच छातीत दुखायचं निमित्त झालं आणि तिथल्याच मातीत त्याला ठेवलं. त्या गोधडीचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं कुणाला हेही तिला कळलं नाही. घरी राहिलेल्या त्याच्या लुंग्यांचं गाठोडं तिनं पेटीच्या तळाशी टाकलं आणि पुन्हा कधी सोडलं नाही. गोधडीमुळे माणूस जात नाही, एवढं तिला समजत होतं. तरी गाठ आपण मारली, हे काही मनातून जाईना.

मैथिलीला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती श्रीवर्धनला शाळेत चित्रकला शिकवते. तिच्या वडिलांची सुपारीची वाडी गावाला लागूनच. एक दिवस ती स्कूटरवरून आली ती आयर्लंडची बातमी घेऊन. तिथल्या नदीकाठच्या एका गावातल्या बायकांनी देशोदेशीची नदीकाठची गावं कापडानं जोडायचा घाट घातला होता. इकडच्या बायकांनी आपली नदी अर्ध्या गोधडीवर शिवायची, उरलेली अर्धी कोरी ठेवून तिकडे पाठवायची. तिकडच्या बायका आपली नदी तिला जोडून ती पुरी करणार. त्यांची अर्धी तशीच इकडे येणार. पुऱ्या झालेल्या गोधड्या प्रदर्शनात लागणार आणि मग ज्या गावातून निघाल्या तिथे परत जाणार.

अतिया हो म्हणाली. अर्धी हा शब्द तिच्या कानावरून गेला, पण तिचं लक्ष नदीला कुठलं कापड लावावं यात गुंतलं होतं.

काम मात्र झोकात झालं. फिक्या निळ्या लुगड्याची खाडी, हिरव्या ओढणीची काठावरची झाडं, कोळीवाड्यातल्या हेमालीनं लावलेली फेरीबोट. काशिफानं होडी शिवली आणि सासूनं ती उसवायला सांगितली नाही. काशिफाला तेवढ्यानंच आभाळ ठेंगणं झालं. मग बायका आपापल्या घरी गेल्या आणि कोरी अर्धी बाजू ओटीवर अतियाच्या डोळ्यांसमोर पडून राहिली. झाडताना दिसे, नमाजला उठताना दिसे. काही दिवस तिनं कळ काढली. मग एका दुपारी बसली ती आयर्लंडच्या जागेत कडेपर्यंत धावदोरा घालूनच उठली.

मैथिली न्यायला आली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिकडच्या बायकांना आता टाका घालायला जागाच उरली नव्हती. अर्धी गेली नाही तर गावाची नदी यातून बाद, आणि सगळ्यांची मेहनत ओटीवरच राहणार. काशिफा उसवते म्हणून कात्री घेऊन पुढे झाली. अतियानं ती तिच्या हातातून काढून घेतली.

“अर्धी माझ्या घरातून जायची न्हाय. एकदा गेली, ती बस झाली.”

काशिफानं मैथिलीला अंगणात नेऊन करमअलीची हकिगत सांगितली. मैथिलीनं मग हुज्जत घातली नाही. आयर्लंडहून आलेलं पार्सल ओटीवर ठेवलं, पुढच्या आठवड्यात येते म्हणाली आणि गेली.

पार्सलात राखाडी नदी होती, दगडी पूल होता आणि पुढे कोरं कापड. टाके जिथे थांबले होते तिथे एक सुई टोचलेली, लांब दोऱ्यासकट. गाठ नव्हती. विसरली असेल कुणी, हेमाली म्हणाली. अतियाला ते पटेना. विसरलेल्या सुईला कुणी दोरा असा गुंडाळून ठेवत नाही. तिनं काशिफाला मैथिलीकडे फोन लावायला सांगितला. मैथिलीनं तिकडे विचारून कळवलं, की सुई नोरा नावाच्या बाईची आहे. थांबलेल्या कामातून सुई काढायची नाही, म्हणजे पुढच्या हाताला तिथूनच सुरू करता येतं, अशी तिच्या आईची शिकवण.

अतिया बराच वेळ त्या सुईवर बोट फिरवत बसली.

“मी सुई काढून घेतली हुती,” ती काशिफाला म्हणाली.

मग तिनं आपली गोधडी पुढ्यात ओढली आणि स्वतःच घातलेले टाके स्वतः उसवायला घेतले. गावाला उसवायला लावणारी बाई उसवत होती, आणि काशिफा शेजारी गुपचूप दोरे वेचत होती. उसवून झाल्यावर तिनं सुईत लांब दोरा ओवला आणि ती कोऱ्या कडेला टोचून ठेवली.

ठरल्याप्रमाणे न्यायला आलेली मैथिली म्हणाली, कुरिअरवाले सुईला हरकत घेतील.

“सुई न्हाय तर गोधडी न्हाय,” अतिया म्हणाली.

मैथिलीनं सुईवर जाड पुठ्ठा बांधला आणि आत काय आहे ते पार्सलवर स्पष्ट लिहून दिलं. अतियानं गोधडी उंबऱ्यावर तिच्या हातात दिली खरी, पण आपली मूठ सोडायला तिला वेळ लागला. त्यानंतर कुरिअरचं कुठवर आलं हे ती काशिफाला इतक्यांदा विचारायची की काशिफा वैतागली.

मधल्या दिवसांत बायकांनी नोराच्याच सुईनं तिकडची अर्धीही पुरी करून पाठवली. पाऊस सरल्यावर अतियाची गोधडी प्रदर्शनातून परत आली. निळी खाडी राखाडी नदीत मिळाली होती. अतियानं जोडावरून हात फिरवला. तिचाच दोरा पुढे गेला होता, संपेपर्यंत. तिथून दुसऱ्या रंगाचा सुरू झाला होता. कोपऱ्यात तिची सुई टोचलेली होती. अतिया ओटीवर सगळ्यांदेखत रडली.

“अम्मी, काय झालं?” काशिफानं विचारलं.

“पुरी हून आली गं.”

डोळे पुसून तिनं सुई काढली, आपल्या डब्यात ठेवली आणि काशिफाला पेटीच्या तळाचं गाठोडं आणायला सांगितलं. मग करमअलीच्या लुंग्या मांडीवर पसरल्या आणि पहिलीला कात्री लावली.