एका फेरीत चार नियम

बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांनी पासवर्ड तपासणारा छोटा प्रोग्राम लिहायला सांगितला आणि तो घरच्या कुणाकडून तरी चालवून घ्या, म्हणाले. मी तो घेऊन इंदापूरला मामांकडे गेले. मामांना सगळे तात्या म्हणतात, मीही. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज त्यांना स्वतःच ऑनलाइन भरायचा होता. पण साइटने तीनदा पासवर्ड नाकारल्यावर "हे आपल्या डोक्याचं न्हाय" म्हणून त्यांनी तो नाद सोडला होता. मला ते वाक्य लागलं होतं. माझ्या प्रोग्रामवर हात बसला तर ते पुन्हा अर्जाकडे वळतील, असं वाटत होतं. बोलले मात्र नाही. मी फारसं बोलतच नाही.

शेडमध्ये मामी डाळिंबं निवडत होती. उपड्या क्रेटवर लॅपटॉप ठेवला. तात्यांनी एका बोटाने पासवर्ड लिहिला. स्क्रीनवर आलं, 'आकडा नाही.' त्यांनी आकडा घातला. 'कॅपिटल अक्षर नाही.' तेही घातलं. 'चिन्ह नाही.'

"अगं, एकदाच सांग की समदं!" तात्या उखडले. "तुझी मामी डाळिंब चार येळा उचलती व्हय? एकदा हातात घेतलं की रंग, डाग, तडा बघूनच क्रेटात टाकती."

"आन तुमी टाकलेलं मला परत बघावं लागतंय," मामी मान वर न करता म्हणाली.

तात्या उठले.

"दहा मिनिटं बसा ना," मी कसंबसं म्हटलं.

चूक माझीच होती. प्रत्येक नियमासाठी माझा प्रोग्राम पासवर्ड पहिल्यापासून वाचत होता आणि एक उणीव सापडली की तिथेच थांबत होता. आता एकच फेरी ठेवली. एकेक अक्षर घ्यायचं, तो आकडा, कॅपिटल की चिन्ह हे तिथल्या तिथे टिपायचं, लांबी शेवटी बघायची आणि जे कमी असेल ते एकदम सांगायचं. कोडही निम्मा झाला.

तात्यांनी नवा पासवर्ड लिहिला. 'आकडा आणि चिन्ह नाही.'

"हां, असं बोल."

पुढच्याच खेपेला 'बरोबर' आलं. तात्यांनी अनुदानाची साइट उघडली आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"तिकडं बघ. पासवर्ड कुणाला दाखवायचा नसतो."

मी क्रेटांकडे तोंड केलं.

"झालं का?" मामीने विचारलं.

"थांब की! चिन्ह निवडतोय."