ऐकून घेणाऱ्या सिस्टर

आमच्या सिस्टर कुठल्याही पोराच्या गालाला विचारल्याशिवाय हात लावत नसत. पोर दोन वर्षांचं का असेना, त्याच्यासमोर उकिडव्या बसून विचारायच्या, "उचलून घेऊ का रे तुला?" पोराने मान हलवली की "बरं, राहिलं," म्हणून उठायच्या. आम्ही बायका हसायचो. आपल्याकडे पोर म्हणजे सार्वजनिक वस्तू ना! येणारा-जाणारा गालगुच्चा घेणार, पाहुणा आला की "काकांना पापी दे" म्हणून आपणच पुढे ढकलणार, आणि ते मागे सरलं तर "लाजतंय मेलं" म्हणून आपणच कौतुक करणार. सिस्टरांना या कौतुकाचा भयंकर राग. "लाजत नाहीये ते, नको म्हणतंय," त्या म्हणायच्या. "आणि त्याच्या नकोला कोणी विचारत नाही, हे आपणच त्याला शिकवतोय."

सिस्टर म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात जन्म काढलेल्या नर्सबाई. मूळच्या मालवणकडच्या, राहायला जोगेश्वरीला. रिटायर झाल्यावर लोक देवळं फिरतात. या मात्र पाळणाघरवाल्या, बालवाडीच्या बाया आणि शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर गोळा करून शिकवत फिरायच्या. मुलांना नासवणारा माणूस कसा वागतो, मूल सांगायला आलं तर आपण काय करायचं, सगळं. मी दिंडोशीला आमच्या सोसायटीत पाळणाघर चालवायचे. शिक्षण आठवी. बाकीचं मला पोरांनी शिकवलं, असं ऐटीत सांगायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी मुलाचं आणि मुलीचं चित्र लावलं आणि एकेका अवयवाचं नाव आम्हाला मोठ्याने म्हणायला लावलं. नाक, कान, पोट इथपर्यंत झकास चाललं. पुढे सगळ्यांचे पदर तोंडाला. एक व्हॅनवाला तर पाणी प्यायला म्हणून गेला तो गेलाच. एक बालवाडीची बाई म्हणाली, "आम्ही शेमशेम म्हणतो हो." सिस्टर कडाडल्या, "शेम कोणाची? पोरीची? उद्या ती डॉक्टरला काय सांगणार, शेमशेमला दुखतंय?" मग म्हणालो आम्ही. योनी, शिश्न. आता लिहिलंसुद्धा, काही आभाळ कोसळलं नाही.

"अनोळखी माणसाची भीती घालत बसू नका," हे त्यांचं आणखी एक. "अनोळखी माणसाला वेळ कुठला? वेळ असतो तो ओळखीच्याला. तो आधी तुमचा विश्वास कमावतो, मग पोराचा."

आणि सगळ्यात शेवटी, बोट नाचवत, "मूल बोलायला लागलं की हातातलं काम ठेवा आणि ऐका. तुझं काही चुकलं नाही, एवढंच म्हणा. खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि पोलिसांना कळवा, तो कायदाच आहे. आणि त्या माणसाच्या दारात जाऊ नका." मी वहीत सगळं उतरवलं. सर्टिफिकेट मिळालं, ते लॅमिनेट करून भिंतीवर लावलं.

आणि माझी वेळ आली तेव्हा मी काय केलं, ते ऐका.

माझ्याकडे एक सात वर्षांची पोरगी होती. नाव लिहिणार नाही, मी तिला छकुली म्हणायचे. आई ऑफिसात, म्हणून शाळा सुटली की माझ्याकडे, आणि पाच वाजता तिसऱ्या मजल्यावर चित्रकलेच्या सरांकडे. सर म्हणजे सोसायटीचे लाडके. दरवर्षी गणपतीचं मखर तेच करायचे. एका दुपारी मी वेणी घालत असताना छकुली हळूच म्हणाली, "आजी, मला सरांकडे नाही जायचं. ते दार लावून खेळ खेळतात. आईला सांगायचं नाही म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं, "कसला खेळ? कुठे हात लावला? नीट सांग!" आईला फोन करून बोलावलं आणि ती आल्यावर पुन्हा विचारलं. मधल्या वेळात सरांचं दार बडवून त्याला शिव्या घालून आले. मग छकुलीला ओढत सेक्रेटरीकडे नेलं. तिथे कमिटीचे चौघे पुरुष चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर मी तिसऱ्यांदा विचारलं. पोरीने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "काही नाही झालं."

संध्याकाळी सराच्या दाराला कुलूप. फोन बंद.

सेक्रेटरी मला समजावू लागले, "वहिनी, मूल स्वतःच नाही म्हणतंय ना? उगाच सोसायटीचं नाव कशाला? आणि गणपती पंधरा दिवसांवर आलाय, मखर कोण करणार?" मखर! एवढ्याशा पोरीचं बालपण एका बाजूला आणि थर्माकोलचं मखर दुसऱ्या बाजूला, आणि हे चौघे विचारात पडले होते.

रात्री मी सिस्टरांना फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने आल्या. चिडल्या की त्या मालवणीत शिरायच्या. कमिटीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सोसायटीच्या नावाचा काय घेऊन बसलास? त्या चेडवाचा काय?" चेडू म्हणजे मुलगी, हे सेक्रेटरींना मीच सांगितलं. मला वाटलं, आता माझी पाठ थोपटतील. मला जिन्यात नेऊन म्हणाल्या, "वहिनी, राग तुम्हाला आला आणि गप्प ती बसली. काय करू मी तुमच्या रागाचं? त्याला पळायला वेळ दिलात. आणि हे 'काही नाही' उद्या तिच्यावरच उलटेल."

मग त्या आईला घेऊन पोलिसांत गेल्या. जबाब घ्यायला बाई अधिकारीच हवी, तीही साध्या कपड्यात, पोरीच्या घरी, असं त्यांनी बजावून सांगितलं आणि तसं झालं. पण छकुलीचं तोंड मिटलेलं. सिस्टर रोज यायच्या, तिच्याजवळ वाल सोलत बसायच्या, काहीएक विचारायच्या नाहीत. आठव्या दिवशी वाल सोलता सोलता पोरगी आपणहून बोलली. अधिकारी बाई पुन्हा आल्या, तेच शब्द लिहून घेतले. पोलिसांनी सराला गावाहून पकडून आणलं.

केस वर्षानुवर्षं चालली. आणि सिस्टर म्हणाल्या तसंच झालं, त्याच्या वकिलाने "काही नाही झालं" एवढंच धरून ठेवलं. माझी साक्ष यायची होती तेव्हा सिस्टर अंथरुणाला खिळलेल्या. भेटायला गेले तर म्हणाल्या, "सगळं सांगा हं. स्वतःला वाचवू नका." साक्षीच्या दोन महिने आधी त्या गेल्या.

कोर्टात वकिलाने विचारलं, "मुलीने सगळ्यांसमोर काही झालं नाही असं सांगितलं, हे खरं ना?" मी म्हटलं, "खरं. कारण मी तिला चार परक्या पुरुषांसमोर उभी केली होती. तसं करायचं नाही हे मला शिकवलेलं होतं, तरी केलं. ती चूक माझी, साहेब, तिच्या माथी मारू नका." पाळणाघरवालीची अक्कल सगळ्या कोर्टाने ऐकली. ऐकू दे.

त्याला शिक्षा झाली. कमिटीने मला शाल द्यायचं ठरवलं, मी म्हटलं, शाल ठेवा, ट्रेनिंगसाठी हॉल द्या. आता मी शिकवते. वॉचमन, व्हॅनवाले, ट्यूशनच्या बाया, सगळ्यांना. सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

छकुली आता दहावीत आहे. कोर्टाच्या निकालानंतर आली, माझ्याबरोबर वाल सोलायला बसली. मी काही विचारलं नाही. मग म्हणाली, "आजी, त्या दिवशी तू मला हलवलंस ना, मला वाटलं तू माझ्यावरच रागावलीस."

एवढी वर्षं पोरीने ते मनात ठेवलं होतं.