ती शाळेच्याच नावावर बसली

मी चौथी शिकलेला माणूस. तरी शाळेबद्दल बोलतो, कारण शाळेतल्या पोरी आमच्या घरात जेवून मोठ्या झाल्या.

वाणगावपासून आत, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. दिवाळी सरली की निम्मं गाव वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातं आणि पोरांनाही नेतं. माझ्या बायकोला ते खटकायचं. शिकणारी पोरगी असली की ती आईबापांना सांगायची, हिला माझ्याकडं ठेवा. आम्हाला मूलबाळ नव्हतं, घर मोकळंच होतं.

बायकोच्या शेवटच्या हिवाळ्यात आमच्याकडं एकच पोरगी राहिली, नववीतली. त्याच हिवाळ्यात बायकोनं अंथरूण धरलं. मला चूल येत नव्हती. पोरगी पेज करायची, भरवायची, पाय चेपायची. बायको तिला हाकलायची, "शाळंत जा ग, मी काय पळून चाल्ले?"

"तू पळालीस तर आजा मलाच वरडंल," पोरगी म्हणायची. आजा म्हणजे मी.

होळीच्या आधी बायको गेली. पोरगी नववीत नापास झाली.

मे महिन्यात शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. माणूस चांगला. पाणी पिऊन म्हणाले, "बाबा, हिच्या बापाला निरोप द्या. दहावीला हिला सतरा नंबरचा फॉर्म भरू दे."

सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षा. पोरगी नापास झाली तरी शाळेच्या निकालाला धक्का नाही.

"म्हंजे ही शाळंची नाय, असं लिवून देता?"

"बाबा, बोईसरच्या एका शाळेनं नाक्यावर फलक लावलाय, शंभर टक्के निकाल. तालुक्याच्या यादीत आपण तळाला. गावातली बरी पोरं रिक्षात बसून तिकडं चाललीत. उद्या वर्ग बंद पडला तर हिच्यासारख्यांनी जायचं कुठं?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मी त्यांचा रिकामा तांब्या उचलून ठेवला. मग विचारलं, "त्या शाळंत भट्टीवरची पोरं किती?"

"एकही नाही. ते आधीच चाळून घेतात."

"त्यांच्या नांगराखाली गाळ, आमच्या नांगराखाली खडक. दोघांना एकाच मापानं मोजतो तो येडाच."

"तो येडा असेल बाबा, पण यादी त्याचीच छापून येते."

आम्ही दोघंही हसलो. घरात हसण्याचा आवाज झाला म्हणून मीच चमकलो.

मग मी त्यांना सांगितलं, "सर, पोरगी ज्या दिवशी तुमच्या वर्गात नव्हती त्या दिवशी ती माझ्या बायकोच्या उशाशी होती. ते कुठल्या यादीत धरता?"

सरांनी खिशातून डायरी काढून पानं चाळली. "जूनमध्ये फेरपरीक्षा आहे," ते म्हणाले, "शिकवायला मी बसतो. पण दिवाळीनंतर तिला ठेवणार कोण? तुमच्या घरात आता बाईमाणूस नाही."

"तिच्या आजीला ठेवून घेतो. म्हातारी भट्टीवर जाऊन खोकण्यापलीकडं काय करते? चूल मी शिकतो."

पोरगी जूनच्या फेरपरीक्षेत पास होऊन दहावीत गेली. दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर गेले आणि आजी-नात माझ्याकडं आल्या. म्हातारीला दिसत नाही, पण भाकरी करपली की नुसत्या वासावर शिव्या द्यायची. पोरगी पुस्तकात तोंड लपवून हसायची. बायकोच्या जागी बसून पीठ मळताना पहिले काही दिवस मला जड गेलं. मग भूक लागलेली माणसं समोर असली की हात आपोआप चालतो.

हॉलतिकिटावर आमच्या शाळेचं नाव आलं. गणिताच्या पेपराला मी तिच्याबरोबर बोईसरला केंद्रावर गेलो. सर फाटकाशी आधीच उभे होते, पेपर त्यांचाच असल्यासारखे.

"बाबा, निकाल खाली आला तर लोक मला विचारतील."

"माझ्याकडं धाडा. कोण कुठून येऊन बसलं ते मी सांगतो."

पोरगी बाहेर आली. "एक गणित राहिलं, आजा."

"आनि बाकीची?"

"बाकीची आली."

सरांनी तिच्या हातातून प्रश्नपत्रिका ओढून घेतली आणि कुंपणाच्या भिंतीवर ठेवून एकेक गणित बघायला लागले. पोरगी माझ्याकडं वळली. "आजा, माझी बहीण आठवीत हाय. पुढच्या हिवाळ्यात तिला ठेवशील?"

"आन तिला. सर, दहावीला हिची बहीणबी शाळेच्याच नावावर ना?"

"शाळेच्याच," सर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. बोट गणितावर होतं.