सम्राट उठले तेव्हा

परवा नातीला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ऋषीची दाढी चिकटवत होतो. बोटांना डिंकाचा तो उग्र वास लागला आणि मी थेट मंठ्याजवळच्या आमच्या गावी, शाळेच्या मंडपात, लग्नाच्या भाड्याच्या सिंहासनावर जाऊन बसलो.

नाटक आमच्या मराठीच्या सरांनी लिहिलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा सम्राट आणि त्याच्यापुढे वाकून वाकून कंबर गेलेला दरबार. टोमणा गावच्या सरपंचांना होता आणि त्यांनी तो समोर बसून ऐकावा, एवढीच सरांची इच्छा. सम्राट मी. "या भूतलावर आम्ही कुणासाठी उठत नाही," अशी डरकाळी मी फोडली आणि नेमके तेव्हाच सरपंच मंडपात शिरले. पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. मीही उठलो. मुकुट सावरत हात जोडले.

"बसा महाराज, तुमचं चालू द्या," सरपंच म्हणाले. त्यानंतरचं नाटक हसण्यात बुडालं.

पडद्यामागे सर हळूच म्हणाले, "गाढवा, सम्राट कधी उठतो का?"

"पण सर, सरपंच आल्ते न्हाई का."

सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नाटकाची मी माती केली, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आता वाटतं, सरांना जे दाखवायचं होतं ते त्या एका उठण्यात सगळं आलं होतं. फक्त टोमणा सरपंचांना न लागता मला लागला.

नातीच्या कार्यक्रमाला पाहुणे उशिरा आले. सगळ्यांत आधी उभा राहिलो तो मीच. बोटांचा डिंक अजून वाळला नव्हता, त्यामुळे जोडलेले हात लवकर सुटेनात.