पहिली धार

टिमकी मोहल्ल्यातल्या देवराव हेडाऊंना कोणी नुसतं 'नळवाला' म्हटलं की त्यांचं टाळकंच सरकायचं. "नळवाले गल्लोगल्ली पडले आहेत. मी कारागीर आहो, कारागीर!" आणि ते काही खोटं नव्हतं. बाप विणकर, आजा विणकर, आणि देवरावही ऐन जवानीपर्यंत मागावरच बसले. पुढं लुगड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा माग मोडून त्यांनी हातात पाना घेतला. पण बोटं विणकराचीच राहिली. त्यांनी बसवलेला जोड ठिबकला, असं अख्ख्या मोहल्ल्यात कोणी सांगून दाखवावं!

माग गेला, पण घरातली एक रीत काही गेली नाही. सकाळी नळाला पाणी आलं की पहिली धार वेगळी धरायची, कुणाचा हात न लागलेली. पूर्वी त्या पाण्यात सुताला लावायची खळ शिजायची. देवरावांची आई म्हणायची, पहिल्या धारेची खळ सूत तुटू देत नाही. पुढं सूतही राहिलं नाही आणि खळही नाही. मग नात झाली, रोशनी, आणि ती धार तिच्या वाट्याला आली. पोरगी पाणी प्यायला लागली तेव्हापासून देवराव रोज तिचा गडवा स्वतः भरत. त्याला दुसऱ्या कोणी तोंड लावलं की झाला तमाशा!

सून वंदना हसायची. "मामाजी, पाणी तं सारं एकाच नळाचं न?"

"तुले नाही समजत वं ते."

रोशनी आता सात वर्षांची. वर्षभरापासून तिचं पोट सारखं दुखायचं, चेहरा पांढराफटक पडलेला, आणि शाळेत आज शिकवलेलं उद्या साफ विसरायची. देवरावांनी मीठमोहऱ्या ओवाळून पाहिल्या. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. घ्या आता! पोरगी काय शिसं खात होती? डॉक्टर म्हणाले, घरचा नळ तपासून घ्या.

पाणी तपासणारी प्रीती नावाची मुलगी आली, तेव्हा देवराव अंगणात छाती काढून उभे. "पाहा मॅडम, खुशाल पाहा. मी स्वतःच्या हातानं बसवला."

तिनं नळीला चुंबक लावलं. चिकटलं नाही. मग किल्लीनं जरा खरवडलं, तर आतून नव्या नाण्यासारखी चकाकी निघाली.

"काका, ही तर शिशाची नळी आहे."

"मंग? शिशाचीच आहे! चाळीस वर्सं झाली. लोखंड गंजते, हे गंजत नाही. एका बंगल्याचं जुनं काम निघालं, तव्हा माह्या उस्तादानं हे वेटोळं मले खुशीनं देलं. साऱ्या गल्लीत लोखंड आहे, एकट्या माह्या घरी हे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीतीनं दोन बाटल्या भरल्या. एक पहिल्या धारेची, आणि एक पाणी पाच मिनिटं वाहू दिल्यावर.

आठवड्यानं निकाल आला. दुसऱ्या बाटलीत शिसं थोडं होतं, पहिलीत भरमसाट. प्रीतीनं नीट समजावून सांगितलं. पाणी रात्रभर नळीत थांबतं, नळीतलं शिसं त्यात उतरतं, आणि ते सगळं पहिल्या धारेबरोबर बाहेर येतं. "ती धार तुम्ही पीत तर नाही ना, काका?"

देवरावांची नजर रोशनीच्या गडव्यावर गेली. घरात बाकी कोणी ती धार पीत नव्हतं. कोणाची हिंमत होती?

त्याच दुपारी त्यांनी घरातली नळी कापून काढली. अर्ध्या तासाचं काम. पण उरलेली होती रस्त्याखाली, आणि रस्ता गेल्याच साली सिमेंटचा झालेला. महापालिकेच्या ऑफिसात चार खेटे घातले. रस्ता फोडता येणार नाही, अर्ज द्या, पुढच्या टप्प्यात पाहू. कारागीर म्हणे! साऱ्या मोहल्ल्याचे नळ नीट करणारा माणूस स्वतःच्या दारातल्या सिमेंटकडे बघत बसला. पिण्याचं पाणी शेजारून येऊ लागलं.

रस्ता आज ना उद्या फुटेलही, पण पोरीच्या अंगात गेलं त्याचं काय? डॉक्टर म्हणाले, यापुढं जाऊ देऊ नका. झालेलं नुकसान किती आणि भरून येईल का, ते आता सांगता येत नाही. वंदना एका शब्दानं बोलली नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं देवरावांना रोज वाटे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रडायचं तरी कुणापुढं?

एके दिवशी सकाळी पाणी आलं. देवरावांनी तोटी उघडून धार मोरीत सोडली. मागून रोशनी गडवा घेऊन आली आणि बघत राहिली.

"आबाजी, माही धार काहून फेकून राहिले?"

"खराब आहे ते, बाई."

"मंग इतके दिवस मलेच काहून देत होते?"

देवरावांचा हात तोटीवरच राहिला. पाणी वाहत होतं.

"सगळ्यात चांगली वाटली म्हणून," ते म्हणाले. "म्हणून तुलेच देली, बाई."

पोरीला ते पटलं. तिनं रिकामा गडवा उचलला आणि शेजारी पाणी आणायला गेली.